मुकाट कार्ड पाहिजे

फुकट मिळालेल्या वस्तूवर माणूस जेवढा खर्च करतो तेवढा विकत घेतलेल्या वस्तूवर करत नाही. खात्री करायची असेल तर घरी एक ओपन सोर्स सर्व्हर उभा करून पाहावा. प्रणाली फुकट. तिच्या कितीही प्रती करा, कोणी हटकत नाही. पुस्तिका फुकट. सल्ला तर इतका फुकट की ऐकणाऱ्याने हात जोडले तरी देणारा थांबत नाही. पैसे लागतात ते फक्त या फुकटच्या प्रणालीला चालेल असं सामान घ्यायला, आणि त्या सामानात एक डिस्क कंट्रोलर कार्ड असतं.

रायपूरच्या बाजारात 'सर्व्हर' हा शब्द उच्चारला की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "टैली के लिए?" त्याचं चुकत नाही. उरला आणि सिलतरा इथले लोखंडाचे कारखाने, आजूबाजूच्या राइस मिला, सिमेंटचे डीलर, पंडरीचे कापडवाले, सगळ्यांच्या गल्ल्यामागे एक डबा घोंघावत असतो आणि त्यात टॅली असतं. टॅलीपलीकडे सर्व्हरला आणखी काही काम असू शकतं हे सांगायला गेलं की दुकानदाराच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते. लिनक्स म्हटलं तर ती आणखी गडद होते. फ्रीबीएसडी म्हटलं तर तो चहा मागवतो.

आमच्या भाऊजींना टॅली नको होतं. त्यांचा तात्यापाऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटिंगवर आयुष्य गेलेला माणूस. व्हीएचएसपासून ड्रोनपर्यंत जे जे आलं ते त्यांनी विकत घेतलं आणि जे जे शूट झालं ते ठेवून दिलं. ठेवलं कुठे, तर बुटांच्या खोक्यांत. एकेका खोक्यात चारचार हार्ड डिस्क, प्रत्येकीवर स्केचपेनने लिहिलेलं: 'बारात फायनल', 'बारात फायनल-२', 'बारात एकदम फायनल', आणि एकीवर नुसतंच 'पुसू नये'. ही कशाची डिस्क आहे हे कोणालाच आठवत नसल्यामुळे ती खरोखरच कोणी पुसत नाही. भाच्याने इंजिनिअरिंग केलं आणि पहिलं फर्मान काढलं की हे सगळं एका जागी आणायचं: आठ डिस्कचा सर्व्हर, वर ट्रूनॅस ही फुकटची प्रणाली, आत झेडएफएस ही फाइली मांडण्याची तिची पद्धत. मदरबोर्डवर डिस्क जोडायला सहा जागा, त्यातली एक काम करत नव्हती. म्हणून कार्ड.

आता कार्ड म्हणजे काय ते भाऊजींना समजावणं आलं. पैसे त्यांचे होते.

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधा. एक मेली तरी बाकीच्या मिळून तिचं काम भरून काढतील, असं त्यांचं म्हणणं. नाव दिलं रेड. कल्पना सोन्यासारखी, त्यामुळे कंपन्यांनी लगेच तिचं कार्ड केलं. कार्डावर स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, वीज गेली तर मेमरीतला माल टिकावा म्हणून स्वतःची बॅटरी. मागे आठ डिस्क असल्या तरी हे कार्ड कॉम्प्युटरला सांगतं, "साहेब, एकच आहे, पण मोठी आहे." कॉम्प्युटरही ते ऐकून घेतो. कितीतरी वर्षं हा व्यवहार सुखाने चालला.

मग सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ पासून जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी झेडएफएस लिहायला घेतलं आणि २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. झेडएफएसचा स्वभाव संशयी. डिस्कवर लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची बेरीज ते वेगळी मांडून ठेवतं आणि वाचताना पुन्हा ताडून पाहतं. कोणती डिस्क कुरकुरते, कोणी खोटं बोलतं, हे त्याला स्वतः पाहायचं असतं. मध्ये बसलेलं शहाणं कार्ड मात्र कोणालाच काही पाहू देत नाही. एका म्यानात दोन तलवारी. त्यात असं शहाणं कार्ड मेलं तर मागच्या आठही डिस्क ठणठणीत असून उपयोग नाही, कारण मांडणी त्याने आपल्या पद्धतीने लिहिलेली असते आणि ती वाचायला त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधत फिरावं लागतं.

म्हणून ओपन सोर्सवाले लोक बाजारातून शहाणं कार्ड आणतात, त्याच्या आतलं फर्मवेअर पुसतात आणि दुसरं साधं फर्मवेअर भरतात. ते भरलं की कार्ड मतप्रदर्शन सोडून देतं. आठ डिस्क आहेत तर आठ दाखवतं, आणि गप्प बसतं.

भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे शहाणं आहे म्हणून जास्त पैसे द्यायचे, आणि आणल्यावर अक्कल काढून घ्यायची?"

भाचा म्हणाला, "बरोबर."

"मग मूर्खच का घेत नाही?"

प्रश्न रास्त होता. तसं साधं कार्डही मिळतं, एलएसआय ९२११-८आय नावाचं, पण लोक त्याच्यावर इतके तुटून पडले की त्याच्या नकला निघाल्या. स्टिकर झकास, खोकं झकास, आत काय आहे ते लावल्यावर कळतं. त्यापेक्षा एखाद्या बँकेच्या नाहीतर कंपनीच्या भंगारात निघालेल्या डेल किंवा आयबीएमच्या सर्व्हरमधलं जुनं कार्ड बरं. निदान त्याने कुठेतरी नोकरी केलेली असते.

जयस्तंभ चौकाच्या आसपास आम्ही चौकशी सुरू केली. रायपूरच्या दुकानदारांकडे सुसंगततेची प्रमाणपत्रं तोंडी मिळतात आणि त्यांच्यात प्रतवारी असते. "बिंदास चलेगा" म्हणजे ही वस्तू दुकानदाराने आजवर पाहिलेली नाही. "चलना तो चाहिए" म्हणजे एकदा विकली होती आणि गिऱ्हाईक परत आलं नाही. खूश होऊन आलं नाही की खचून, ते माहीत नाही. "चला के देख लो" हे सगळ्यात प्रामाणिक. आणि मागे स्टुलावर बसलेला पोरगा मोबाइलमधून मान वर न करता "चल जाही" म्हणाला, तर ते ब्रह्मवाक्य समजावं, कारण दुकानात कार्ड प्रत्यक्ष लावणारा तोच असतो.

एका दुकानदाराने आमच्यापुढे दहा जागांचं एक काळं चकचकीत कार्ड ठेवलं. किंमत पाहून भाऊजींचे डोळे चमकले. भाच्याने ते उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं. आत दोनच जागांची चिप होती आणि त्या दोन जागांचे फाटे फोडून दहा केले होते. एकेक डिस्क चालवा, कार्ड हसतमुख. आठही एकदम बोलायला लागल्या की ते एकेकीला गाळत जातं, आणि झेडएफएसला एवढं निमित्त पुरतं. भाऊजींना मात्र ते कार्ड सोडवेना. "दहा आहेत रे," ते म्हणत राहिले, "दोन शिल्लक पडतील."

मग फोन सुरू झाले. रायपूरच्या दुकानदाराने नागपूरला फोन लावला. नागपूरवाल्याने एकीकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलं आणि दुसरीकडे दिल्लीत नेहरू प्लेसला. नागपूरला विचारल्याशिवाय रायपुरात काही ठरत नाही, ही सवय जुनी आहे. १७४१ मध्ये भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन रतनपूरवर आले, पुढे बिंबाजी भोसले इथे राहून कारभार बघू लागले, १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्यच घेतलं तरी आमचा साहेब नागपुरातच बसायचा. १९५६ मध्ये आम्हाला भोपाळला जोडलं आणि १ नोव्हेंबर २००० ला आमची स्वतःची राजधानी झाली. मंत्रालय आलं, विधानसभा आली. डिस्कची केबल अजून नागपूरहूनच येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डांचे फोटो येऊ लागले. प्रत्येक फोटोत स्टिकर स्पष्ट आणि चिप अदृश्य, कारण चिपवर उष्णता शोषणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला असतो. डेल पर्क एच२००. डेल पर्क एच३१०. आयबीएम सर्व्हरेड एम१०१५. फुजित्सु डी२६०७. भाऊजी वैतागले. "यातलं चांगलं कोणतं?" भाचा म्हणाला, "सगळी एकच आहेत."

इथे मला बोलायला जागा सापडली. रायपुरातली मराठी माणसं एकमेकांना भेटली की आडनावावर थांबत नाहीत. आडनावावरून काय कळतं? घरात चार पिढ्या हिंदी शिरलेली, पोह्यासोबत जिलेबी, पोळीला रोटी म्हणणारी पोरं. म्हणून पहिला प्रश्न असतो, "मूळ गाव कुठलं?" मग कळतं की समोरचे वर्ध्याचे आहेत, किंवा कोणाच्या पणजोबांनी रेल्वेतल्या नोकरीपायी अकोला सोडलं, आणि गप्पांना खरी सुरुवात होते. कार्डाचंही तसंच. डेल, आयबीएम, फुजित्सु ही सासरची नावं. मूळ गाव सगळ्यांचं एकच, एलएसआय एसएएस२००८ ही चिप.

लिनक्सलाही हे ठाऊक आहे. कोणतंही कार्ड लावलं की तो त्याला दोन ओळखी विचारतो: चिप कोणाची आणि कार्डावर नाव कोणाचं. नावाच्या रकान्यात डेलचा आकडा १०२८ येईल, आयबीएमचा १०१४ येईल. चिपच्या रकान्यात मात्र १०००. ड्रायव्हर निवडायचा तो याच रकान्यावरून. आणि हा १००० खणत गेलात तर एलएसआयवरही थांबत नाही. तो मुळात एनसीआर कंपनीचा आकडा. एनसीआर म्हणजे १८८४ मध्ये ओहायोतल्या डेटन गावी निघालेली नॅशनल कॅश रजिस्टर. दुकानदारांच्या गल्ल्यावर ठेवायची, खण्ण करून उघडणारी पैशांची पेटी बनवणारी. तिच्या चिपांचा विभाग १९९५ मध्ये ह्युंदाईकडे गेला आणि त्याचं नाव सिंबायॉस झालं. १९९८ मध्ये तो एलएसआयने घेतला, २०१४ मध्ये एलएसआयला अवागोने घेतलं, २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम विकत घेऊन आपलं नाव टाकलं आणि तिचं लावलं. एवढी दत्तकविधानं झाली तरी कार्डाला लिनक्सने मूळ गाव विचारलं की ते अजून हजार म्हणूनच सांगतं. (एनसीआर उभारणाऱ्याचं आडनाव पॅटरसन आणि बर्कलीच्या निबंधातल्या पहिल्या लेखकाचंही पॅटरसन. आमच्या रायपुरात एवढ्यावर दोघांचं नातं जुळवून संध्याकाळपर्यंत दोघांना एकमेकांकडे जेवायला बोलावलं असतं.)

मूळ गाव एक असलं तरी पिढी बघावी लागते. दिल्लीच्या एकाने अर्ध्या किमतीत डेलचं एसएएस ६/आयआर देऊ केलं. तेही एलएसआयचंच, पण आधीच्या पिढीतलं, १०६८ई चिपचं. त्याला दोन टीबीच्या पुढे मोजता येत नाही. चार टीबीची डिस्क लावा, सहाची लावा, त्याच्या लेखी दोनच. दिल्लीकराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तो दो टीबी की लगाओ ना, भैया."

शेवटी एच३१० आलं, कुरिअरने, वर्तमानपत्रात गुंडाळून. कार्ड डब्याला स्क्रूने बसवायची सोबत आलेली पट्टी अर्ध्या उंचीची होती, म्हणजे चपट्या सर्व्हरसाठीची, आणि आमचा डबा पूर्ण उंचीचा. कार्ड स्क्रूशिवाय तोल सांभाळत उभं राहिलं. कार्ड लावून बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. कार्ड काढलं की कॉम्प्युटर चालू, लावलं की बंद.

भाच्याला कारण माहीत होतं, आणि ते ऐकून भाऊजींचा इंजिनिअरिंग शिक्षणावरचा उरलासुरला विश्वास डळमळला. कार्डाच्या कडेला सोनेरी संपर्कांची ओळ असते. त्यातला पाचवा आणि सहावा, बी-५ आणि बी-६, ही एक कुजबुजण्याची वाट आहे. तिच्यावरून सर्व्हर आपल्या भागांची विचारपूस करतो. डेलच्या सर्व्हरमध्ये ही कुजबुज रीतसर चालते. साध्या मदरबोर्डावर त्याच वाटेने मेमरीची चौकशी चालू असते, डेलचं कार्ड मध्येच तोंड घालतं, आणि बोर्डाला आपली मेमरी सापडेनाशी होते. उपाय असा की त्या दोन संपर्कांवर चिकटपट्टी लावायची. जगभर लोक हेच करतात. एका संपर्कापासून दुसरा एक मिलिमीटरवर, म्हणजे चिकटपट्टी कापायची दोन मिलिमीटर रुंद, आणि ती बी-४ किंवा बी-७ वर गेली तर नवा घोळ.

चिकटपट्टी लावली आणि कॉम्प्युटर उठला. पण हे मे महिन्यात चाललं होतं. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, साध्या टेपचा गोंद पातळ होतो आणि पट्टी सरकते. सरकलेल्या पट्टीसह कार्ड खाचेत सारायचं म्हणजे गोंद आत. तेव्हा ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नेलपॉलिश लाव की." सगळे गप्प. नेलपॉलिश वीज वाहून नेत नाही, पातळ बसते, वाळली की हलत नाही, आणि काढायची झाली तर काढायचं औषधही त्याच डब्यात असतं. तिने स्वतः, भिंग न घेता, दोन संपर्क रंगवले. गुलाबी. आमच्या सगळ्या प्रकल्पात पहिल्या फटक्यात जमलेलं हे एकमेव काम.

त्यानंतर अक्कल काढण्याचा कार्यक्रम. आधी कार्डाच्या पाठीवरचा सोळा आकड्या-अक्षरांचा पत्ता कागदावर उतरवून घ्यायचा, कारण पुसताना तोही पुसला जातो आणि मग कार्डाला आपण कोण ते सांगता येत नाही. भाऊजींनी तो पत्ता स्टुडिओच्या बिलबुकात मागच्या पानावर लिहिला आणि खाली सही केली. मग पेन ड्राइव्हवरून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, डेलचं फर्मवेअर पुसायचं, एलएसआयचं भरायचं. तेही विसाव्या फेरीतलं, पण त्या फेरीतलं पहिलं नाही, पहिलं कुप्रसिद्ध आहे; २०.००.०७.०० हेच. मधल्या काही क्षणांत कार्ड ना डेलचं असतं ना एलएसआयचं, आणि नेमकी तेव्हा वीज जाऊ नये. छत्तीसगड वीज जास्त बनवणारं, इतर राज्यांना विकणारं राज्य आहे, हे भाऊजींनी अभिमानाने सांगितलं आणि उठून इन्व्हर्टर चालू केला. पुन्हा चालू केल्यावर कार्डाचा आकडा १०००:००७३ चा १०००:००७२ झालेला होता. त्र्याहत्तर म्हणजे शहाणं, बहात्तर म्हणजे मुकाट.

केबलबद्दल लवकर आटोपतो. एका टोकाला एक जाड जोड आणि दुसऱ्या टोकाला चार बारीक अशी केबल लागते. ती दोन जातींची येते, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला हुबेहूब, पण एकीत कार्ड जाड टोकाला लागतं आणि दुसरीत बारीक टोकांना. नागपूरहून आलेली उलटी होती. दुकानदाराचं म्हणणं, "घुमा के लगा लो."

उन्हाचं मात्र सोपं नव्हतं. ही कार्डं ज्या सर्व्हरसाठी बनली त्यांत वादळी पंखे असतात आणि खोलीला एसी. या चिपला मिनिटाला २०० फूट वेगाचा वारा सतत लागावा असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. हिशेब केला तर तो ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे सकाळी बूढा तालाबला फेऱ्या मारणाऱ्या आजोबांची चाल. वारा थोडकाच, पण न थांबता. स्टुडिओच्या मागच्या खोलीत नवतपाच्या, म्हणजे ऐन उन्हाच्या, दिवसांत तेवढाही नसतो. शेवटी बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा काढून तो कार्डाच्या ठोकळ्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला. मूळच्या शहाण्या कार्डांवर जी बॅटरी असते ती आमच्याकडे नव्हती हे बरंच झालं. या उकाड्यात ती फुगली असती.

इतकं सगळं जमवल्यावर कोणी सांगितलं की तुमच्या या लाडक्या चिपला लिनक्सची आपली आवृत्ती काढणाऱ्या रेड हॅट कंपनीने २०१९ मध्ये आपल्या आठव्या आवृत्तीतून वगळलंय, तर राग येतो. पण तिथेही गंमत आहे. मूळ लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये आकडा तसाच आहे. कंपनीने फक्त आपल्या यादीतून तो खोडला. मग एल-रेपो नावाच्या स्वयंसेवकांनी तोच ड्रायव्हर बाहेरून पुरवायला सुरुवात केली. उलटही घडतं. २००५ मध्ये ओपनबीएसडी या दुसऱ्या फुकट प्रणालीच्या थिओ डी राट यांनी अ‍ॅडॅप्टेककडे त्यांच्या रेड कार्डांची कागदपत्रं मागितली, मिळाली नाहीत, तेव्हा त्यांनी त्या कार्डांचा आधारच आपल्या प्रणालीतून काढून टाकला. ड्रायव्हर होता, पण कागदांवाचून त्यातले दोष निघत नव्हते. फुकट वाटणाऱ्यांचा रुसवा असा असतो. दहा जागांच्या काळ्या कार्डावर कोणी इतकं रुसलेलं मी ऐकलेलं नाही.

सर्व्हर चालू आहे. 'पुसू नये' ही डिस्क उघडली तेव्हा तिच्यात कोण्या वरातीतला घोडा निघाला. नुसता घोडा, पाऊण तास. नवरदेव फ्रेमच्या बाहेर. भाऊजींनी तोही ठेवून दिला.

मध्यंतरी एका राइस मिलचे मुनीम हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन स्टुडिओत आले. पिशवीत टॅलीच्या सर्व्हरचं कार्ड. ज्या दुकानदाराने आम्हाला "बिंदास चलेगा" सांगितलं होतं त्यानेच पत्ता दिला होता. मुनीमजींनी लग्नाच्या अल्बमांकडे साशंक नजरेने पाहिलं आणि विचारलं, "वो नेलपॉलिश वाले भैया यहीं बैठते हैं?" भाऊजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, रेट सांगितला आणि आत वळून ताईला हाक मारली. ताईने अट घातली आहे की पुढची बाटली स्टुडिओच्या खर्चात लागली पाहिजे, आणि रंग ती निवडेल.